मामाने न दिलेला रविवार

मामा कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावायचा. चहाचा कप, नळाची तोटी, उन्हात तापलेली दाराची कडी, ताप आलेला असला तर माझं कपाळ. तळहात नंतर. रोज सकाळी मामी चहा पुढे ठेवायची आणि तो बोटांची हाडं कपाला टेकवून क्षणभर थांबायचा, मग कप उचलायचा. चहा कोमट झालेला असला तरी.

"विष नाही घातलंय," मामी म्हणायची.

"घातलं असतंस तर गरमच दिला असतास."

ही बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाची सवय होती. पाइप तापलाय का हे बघायला तळहात लावला आणि चटका बसला, तर बोटं आपोआप मिटतात आणि पाइपच धरून बसतात. मागची बाजू लावली तर हात आपोआप मागे येतो. मामाने हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी विचारलं म्हणून. तो फार बोलणारा नव्हता. त्याच्या कामाच्या जागी इतका आवाज असायचा की बोलून उपयोग नसायचा, आणि घरी येईपर्यंत बोलायची सवय मोडलेली असायची.

मामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ. एम.ए.ची दोन वर्षं मी त्याच्याकडे राहिले, कारण विद्यापीठ त्याच्या शहरात होतं. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत माझी खाट आणि पुस्तकं, मागे स्वयंपाकघर आणि त्या दोघांची निजायची जागा, आणि खोलीबाहेर एक अरुंद गॅलरी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामी माझी ओळख करून देताना "आमची भाची" म्हणायची आणि "आमची"वर थोडा जोर द्यायची.

मामा ज्या लाँड्रीत होता तिथे घरगुती कपडे येत नसत. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, अभ्रे, पडदे, असं सगळं गाठोड्यांनी यायचं. खालच्या हॉलमध्ये धुण्याची मोठी यंत्रं, त्यापुढे चादरी सुकवून सपाट करणारे गरम रोळ, आणि शेवटी घडीचं लांब टेबल, जिथे बायका समोरासमोर उभ्या राहून चादरीची चार टोकं जुळवायच्या. हे सगळं वाफेवर चालायचं. वाफ मागच्या आवारातल्या बॉयलरमधून यायची, आणि बॉयलर पेटवायचा परवाना अख्ख्या लाँड्रीत एकट्या मामाकडे होता. परवाना असलेला माणूस जागेवर नसेल तर बॉयलर पेटवायचा नाही, असा कायदाच होता. म्हणून तो सगळ्यांच्या आधी जायचा. आग एकदम वाढवून चालत नाही, हळूहळू चढवावी लागते. बाकीचे येईपर्यंत पाइपांतून वाफ खेळायला लागलेली असायची, आणि मामा काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघत स्टुलावर बसलेला असायचा. दिवसभर त्याला तिथून हलता यायचं नाही. जेवणाचा डबाही तो त्या काचेकडे बघतच खायचा.

रविवारी बॉयलर गार असायचा आणि मामाही.

त्याच्या रविवारात काहीही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी त्यात काहीतरी शोधायचा प्रयत्न केला. तो वाचत नसे. रेडिओ लावत नसे. आंघोळ करून गॅलरीत लोखंडी खुर्ची टाकायचा, समोर बादली उपडी ठेवायचा, तिच्यावर पाय ठेवायचा आणि बसायचा. जेवायला आत यायचा आणि परत जाऊन बसायचा. लग्न, बारसं, कुणाचा गृहप्रवेश, रविवारी असेल तर मामी एकटी जायची. नातेवाइकांनी ते धरूनच ठेवलं होतं. "मामाला बोलवायचं तर बुधवारी लग्न ठेवा," माझी आई म्हणायची.

त्या वर्षी बॉयलरची तपासणी लांबली. तपासणीआधी बॉयलर उघडून आत साचलेला क्षाराचा थर खरवडावा लागतो. ते काम बॉयलर बंद असतानाच होतं, म्हणजे रविवारी. लागोपाठ कित्येक रविवार मामा त्या लोखंडी पोटात गुडघ्यांवर सरकत थर खरवडत होता. घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. जेवताना घास हातात तसाच धरून बसायचा. मामी म्हणायची, "अहो, तोंडाकडे न्या," आणि मग तो न्यायचा.

तपासणी झाली. परवान्यावर शिक्का बसला. आणि त्याच आठवड्यात डोंगराकडच्या गावांत भूकंप झाला.

त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. वर्तमानपत्राचं पहिलं पान उघडायची भीती वाटायची. मामीने आणि इमारतीतल्या बायकांनी दारोदार फिरून ब्लँकेटं आणि कपडे गोळा करायला सुरुवात केली होती. आमची पुढची खोली गाठोड्यांनी भरली आणि माझी पुस्तकं खाटेखाली गेली. मामी थकत नव्हती. तिला इतक्या उत्साहात मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बायका तिला विचारायला यायच्या, आता काय करायचं, गाठोडी कुठे द्यायची, आणि तिचा आवाज आपोआप मोठा व्हायचा.

लाँड्रीतही काहीतरी होणारच होतं. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी गुरुवारी सगळ्यांसमोर ठेवलं: येत्या रविवारी आपण सगळे काम करू या. हॉटेलांची जादा गाठोडी घेऊ. त्या दिवसाची लाँड्रीची कमाई आणि सगळ्यांची मजुरी, सगळं भूकंपाच्या मदतीला. बाई वाईट नव्हत्या. हे सांगायला हवं, कारण मामाची बाजू घेताना त्यांना काळं करणं सोपं आहे. त्या बोलताना रडल्या आणि ते रडणं खरं होतं. लाँड्रीत प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असायचा. सकाळी आत येताना तो फळीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचा, जाताना काढून घ्यायचा. बाईंनी त्या फळीशेजारी एक नवी फळी लावायला सांगितली. जो रविवार देणार त्याने आपला बिल्ला काढून नव्या फळीवर लावायचा.

दुपारच्या चहाला सगळे एकेक करून उठले. मामा मागे बॉयलरपाशी होता. वाफ चढलेली असताना त्याला सोडून येता येत नव्हतं. लाँड्रीच्या टेंपोचा ड्रायव्हर, ज्याला सगळे पुढारी म्हणायचे, कारण दिवाळखोर हॉटेलवाल्यापासून नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांशी तोच बोलायला जायचा, त्याने स्वतःचा बिल्ला लावला आणि मामाचाही लावून टाकला. त्यात त्याचं काही वाईट मनात नव्हतं. मामा नाही म्हणेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मामा कधी नाही म्हटलेलाच नव्हता.

संध्याकाळी बॉयलर थंडावायला टाकून मामा हात पुसत आला. त्याच्या खिळ्याला बिल्ला नव्हता. त्याने शेजारच्या फळीवर पाहिलं. सगळे घरी जायच्या घाईत तिथेच उभे होते. त्याने आपला बिल्ला नव्या फळीवरून काढला आणि खिशात टाकला.

मुळात लावलाच नसता तर कदाचित कुणाला एवढं लागलं नसतं. लावलेला काढणं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

"मामा, तो तिथेच राहू द्या," पुढारी म्हणाला. "मी लावलाय."

"कळलं मला."

"मग?"

"मी रविवारी येणार नाही."

"चेष्टा करता काय!"

मामाने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. तेव्हा पुढाऱ्याच्या लक्षात आलं, आणि हळूहळू सगळ्यांच्याच. मामा नाही म्हणजे बॉयलर नाही. बॉयलर नाही म्हणजे यंत्रं नाहीत, रोळ नाहीत, घडी घालायला चादर नाही. फळीवर लावलेले सगळे बिल्ले एका बिल्ल्याला टांगलेले होते.

मालकीणबाई वरच्या खोलीतून खाली आल्या. "मामा, घरी काही अडचण आहे का?"

"नाही बाई."

"तब्येत?"

"बरी आहे."

"मग काय झालं?"

"दमलोय," मामा म्हणाला.

मामा जिना चढून वर यायच्या आधी बातमी वर पोचली होती. मामी गाठोड्यांच्या मधोमध उभी होती.

"मी दारोदार फिरून लोकांकडे ब्लँकेटं मागतेय, आणि माझाच नवरा एक दिवस देत नाही! उद्या कुणाच्या दारात तोंड घेऊन जाऊ मी?"

मामा बूट काढत होता.

"अहो, तिकडे माणसं दगडांखाली आहेत."

"माहीत आहे."

"मग सांगा ना, छातीत दुखतं म्हणून. लोक समजून घेतील. मी सांगते हवं तर."

"दुखत नाही."

"नाही दुखत तर दुखवून घ्या! काहीतरी कारण असावं लागतं माणसाला!"

मामा मोरीत गेला आणि पाय धुताना पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मामीने कपाट उघडलं, त्याचं जाड लोकरी ब्लँकेट काढलं, घडी घातली आणि सगळ्यात वरच्या गाठोड्यात कोंबलं. "तुमच्या वाटचं," ती मोरीच्या दाराकडे बघून म्हणाली. पुढे तो सगळा हिवाळा मामा दोन चादरी एकावर एक पांघरून निजला. ब्लँकेट कुठे गेलं, हे त्याने कधी विचारलं नाही.

शुक्रवारी मामीने डबा भरला, पण त्याला दिला नाही. तो गेल्यावर माझ्या हातात ठेवला. "तू नेऊन दे. मला त्या दारात जायचं नाही." म्हणून त्या दुपारी मी तिथे होते.

मालकीणबाईंनी मामाला निरोप पाठवला होता, की तुमच्यामुळे सगळ्यांचं थांबतंय, तर निदान सगळ्यांना कारण तुमच्या तोंडून कळू दे. पुढाऱ्याने काचेच्या नळीवर नजर ठेवायला एकाला बसवलं, आणि काही झालं तर हाक मार म्हणून मामाने मागचं दार उघडंच ठेवलं. घडीच्या टेबलाभोवती सगळे उभे होते. टेबलावर इस्पितळाच्या चादरींची थप्पी होती. तिची ऊब बाजूला उभं राहूनही जाणवत होती. मामा टेबलाच्या टोकाशी आला. मला पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि मान हलवली, म्हणजे ठेव तिथे.

"बोला मामा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

"काल सांगितलं ना. दमलोय."

हॉलमध्ये चुळबूळ झाली. पुढारी पुढे झाला. आदल्या दिवशीच्या घोटाळ्याचं त्याला ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण तो मामाला वाट काढून देत होता. "मामांचं म्हणणं असं असेल, की बॉयलर सलग चालवणं बरं नाही. आताच तपासणी झालीय. धोका नको. असंच ना मामा?"

सगळ्यांचे चेहरे जरा सैलावले. ते कारण चाललं असतं. बाईंनी मान डोलवायला सुरुवातही केली होती.

"बॉयलरला काही नाही," मामा म्हणाला. "तो चालेल. मी नाही चालणार."

"म्हणजे आम्ही दमत नाही काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"दमत असाल. मला कसं कळणार? कुणी बोललं नाही."

"तिकडे लोक मेलेत, मामा!"

"हो." मामाने चादरींच्या थप्पीवर हात ठेवला. "वाईट झालं. मलाही वाईट वाटतं. रात्री झोपताना वाटतं. पण वाईट वाटलं म्हणून थकवा जात नाही. मी बघितलं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काम होणार नसेल तर नका करू. एका दिवसाची मजुरी द्या तुमची. मग कुणी काही बोलणार नाही, मी बघते."

मामाने थप्पीवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, आता तो हो म्हणेल. मी मनातल्या मनात म्हणतही होते, म्हण हो.

"नको बाई. तसं दिलं तर रविवार विकत घेतल्यासारखा होईल. तो माझाच आहे. आपलीच वस्तू माणूस कशाला विकत घेईल?" मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, "मी कुणाला देऊ नका म्हणत नाही. ज्याला द्यायचं त्याने द्यावं. माझा मागू नका."

तेव्हा घडीच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, जिला सगळे ताई म्हणायचे, पहिल्यांदा बोलली. "पण मामा, वाफेशिवाय आम्ही देणार कसं? तुम्ही नाही म्हटलं की आमचंही नाहीच झालं."

मामाने तिच्याकडे पाहिलं. त्या सगळ्या बोलण्यात हा एकच प्रश्न त्याला लागला, असं मला वाटलं.

"ते खरं आहे," तो म्हणाला. "त्याचं मला काही सुचत नाही."

मागून हाक आली आणि तो निघून गेला. डबा टेबलावरच राहिला. तो मी मागे नेऊन दिला. "खाऊन घे मामा," मी म्हटलं. त्याने डब्याला बोटांची मागची बाजू लावली. "गार झालाय," तो म्हणाला, आणि खाल्लं.

त्या रविवारी लाँड्री बंद राहिली. मी सकाळी दूध आणायला खाली उतरले. लाँड्रीतली बरीच माणसं आमच्याच गल्लीत राहायची. ताई पायरीवर ओले केस सोडून बसली होती आणि तिची सून मागून विंचरत होती. पुढारी टेंपोच्या पुढच्या सीटवर आडवा होऊन झोपला होता. उघड्या दारातून त्याचे पाय बाहेर लोंबत होते, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही. रोळावर काम करणारे दोघे भिंतीशी उकिडवे बसून उन्हात डोळे मिटत होते. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. राग सोमवारी सकाळी फळीवर बिल्ला लावताना बाहेर पडला.

वर मामा गॅलरीत बसला होता. पण बादली सारखी इकडून तिकडे सरकवत होता.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"नाही. पण बसलोय."

सोमवारपासून त्याचं नाव बदललं. "काय रविवार, झोप झाली का?" "अरे, सोमवारीच रविवार आला बघा!" घडीच्या टेबलावरच्या बायका तो जाताना गप्प व्हायच्या आणि गेल्यावर हसायच्या. पुढारी थेट काही बोलायचा नाही, पण टेंपो मागच्या आवारात लावताना मुद्दाम बॉयलरच्या खोलीपाशी भोंगा वाजवायचा. मामा ते सगळं ऐकायचा. घरी येऊन सांगायचा नाही. मामीला गल्लीतून कळायचं, आणि ती मग वाढताना भांडी आपटायची. तिचं फिरणं थांबलं होतं. ब्लँकेटांचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे गेलं होतं. त्याबद्दल तिने मामाला कधीच काही ऐकवलं नाही, आणि ते न ऐकवणंच जास्त ऐकू यायचं.

काही दिवसांनी संध्याकाळी ताई आली. हातात बिस्किटांचा पुडा. मामी घरी नव्हती. ताई दारातच उभी राहिली.

"बस ना," मामा म्हणाला.

"बसत नाही. एवढंच सांगायला आले." तिने मागे जिन्याकडे बघितलं. "मामा, मलाही नको होतं काम त्या रविवारी. पाठीत चमक भरली होती. देव जाणे कशी उभी राहिले असते. तुम्ही नाही म्हटलं, बरं झालं."

मामाने पुडा घेतला नाही. "मग तिथे बोलायचं होतंस."

"तिथे कसं बोलणार? सगळे बघत होते."

"माझ्याकडेही बघतच होते."

"तुमचं वेगळं. तुम्ही पुरुषमाणूस, परवानेवाले. तुम्हाला काय करणार कोणी?"

"रविवार म्हणतात," मामा म्हणाला. "तूही म्हणतेस."

ताई ओशाळली, मग हसली, मग पुडा खुर्चीवर ठेवून निघून गेली. मामी आल्यावर बिस्किटं कुणी आणली म्हणून विचारलं. मामा म्हणाला, "ताई आली होती. तिला बरं नव्हतं."

मालकीणबाईंनी मामाला कामावरून काढलं नाही. पण त्या शहाण्या होत्या. सगळी लाँड्री एका माणसावर अडते, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांनी दुसरा बॉयलरवाला नेमला. एका बंद पडलेल्या रंगकारखान्यातून आलेला, हसरा, चाळिशीतला माणूस. त्याच्याकडेही परवाना होता. मामाने त्याला सगळं दाखवलं: कुठली झडप अडकते, काच कुठल्या बाजूने पुसायची. नवा माणूस आला आणि बाईंनी रविवारची गाठोडीही घ्यायला सुरुवात केली. मदतीसाठी नाही आता, धंद्यासाठी. इस्पितळांना हवंच होतं. सगळ्यांना पाळी लावली गेली: कुणाला मंगळवारी सुट्टी, कुणाला गुरुवारी. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना मिळायचाच. फक्त तो रविवार नसायचा, आणि दोघांचा एकच नसायचा. ताईची सुट्टी सोमवारी, सुनेची शुक्रवारी. गल्लीत रविवारी सकाळी पायऱ्यांवर कुणी दिसेना.

रविवारी नवा माणूस बॉयलरवर असायचा. त्यामुळे अख्ख्या लाँड्रीत कायमचा रविवार एकट्या मामालाच राहिला.

"तुम्ही त्या वेळी एक दिला असता," पुढारी एकदा त्याला रस्त्यात गाठून म्हणाला. तोवर भोंगा वाजवणं बंद झालं होतं. तोही थकला होता. "एकच हो मामा. तर आमचे सगळे राहिले असते."

"असेल," मामा म्हणाला.

"असेल काय! आहेच."

"हो. आहेच."

माझं दुसरं वर्ष संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नव्या बॉयलरवाल्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि तो चार दिवस गावी जाणार होता. म्हणजे त्या रविवारी मामा आला तरच लाँड्री चालणार होती. शुक्रवारी संध्याकाळी ताई पुन्हा आमच्या दारात आली. या वेळी तिच्याबरोबर टेबलावरच्या आणखी दोघी होत्या, आणि जिन्यात दोन पायऱ्या खाली पुढारी उभा होता, जसा काही तो सहज चालला होता.

"मामा, बाई उद्या तुम्हाला विचारणार आहेत," ताई म्हणाली. "तुम्ही नाही म्हणा."

मामीने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

"सगळ्यांना एकदम सुट्टी मिळेल हो," दुसरी म्हणाली. "वर्ष झालं, घरातली सगळी एका वेळी घरात नाहीत. तुम्ही दमलोय म्हणा. तुमचं बाई ऐकतात."

"आम्ही म्हटलं तर पाळी बदलून देतील, नाहीतर काढतील," पुढारी खालून म्हणाला.

मामा खुर्चीवर बसलेला होता. त्याने एकेकीकडे पाहिलं, मग जिन्याकडे. मला वाटलं, तो आता काहीतरी सुनवेल. इतके दिवस साठलेलं. मामीलाही तेच वाटत असावं, कारण तिने गॅस बंद केला.

"पण या आठवड्यात मी दमलेलो नाही," मामा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही दमलो. झोप झालीय. खोटं कसं सांगू?"

ताईने कपाळाला हात लावला. "अहो, मागच्या वेळी तुम्ही..."

"मागच्या वेळी दमलो होतो."

त्या खाली उतरल्या. जिन्यात पुढारी मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि ताईने त्याला गप्प केलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. मग तिला हसू आलं, ते आवरेना, पदर तोंडाला लावून ती आत गेली आणि आत एकटीच किती तरी वेळ हसत राहिली. त्या भूकंपानंतर मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

रविवारी मामाने बॉयलर पेटवला. सगळ्यांना यावं लागलं. ताई सांगायची, त्या दिवशी वाफ इतकी छान होती की चादरी झरझर रोळातून येत होत्या, आणि टेबलावर कुणी त्याच्याशी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी बाईंनी त्याला जादा मजुरी देऊ केली. ती त्याने घेतली.

मी आईकडे परतले. मामा पुढे निवृत्त झाला. लाँड्रीत निरोपाचा चहा झाला, त्याला मी नव्हते. पुढाऱ्याने भाषण केलं म्हणे, आणि त्यात "आमचे रविवार" असं म्हणून गेला. सगळे हसले, मामाही. निवृत्तीनंतर तर रोजच सुट्टी होती, पण मामी सांगायची, इतर दिवशी तो गॅलरीत बसत नाही. कुणाची भिंत बघ, कुणाच्या गिझरचा पाइप बघ, असं काहीतरी काढतो. बसतो ते रविवारीच.

मामा गेल्याचं मामी फोनवर सांगत होती तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता, जणू बाजारात काय मिळालं ते सांगतेय. दुपार होती. तिने गॅलरीतल्या दोरीवरून सुकलेली दुहेरी चादर काढली होती. एकटीने तिची घडी नीट पडत नाही. मामा पलीकडे उभा राहून भिंतीला टेकला होता. चेहरा जरा ओढलेला, पण तसा तो नेहमीच असायचा. तिने चादरीची दोन टोकं त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "अहो, धरा जरा तिकडून."

"थांब," मामा म्हणाला. "जरा बसतो. मग धरतो."